सातवी-आठवीच्या पोरांनी वाचायचं तरी काय?



दिवाळी जवळ आली की मराठीत छापखान्यांची लगबग सुरू होते. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आपल्याकडे नवीन वाचायला मिळण्याचा हंगाम म्हणजे दिवाळी. मोठ्यांसाठी अंकांचे ढीग लागतात. लहान पोरांसाठीही बरंच निघतं. इंग्रजीत याच दिवसांत प्रकाशकांच्या नव्या पुस्तकांच्या याद्या येतात आणि त्यात बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठीच्या कादंबऱ्यांचा भाग वेगळा असतो. तिकडची पोरं आवडत्या मालिकेचा पुढचा भाग कोणत्या तारखेला येणार याचे दिवस मोजत बसतात.

आमच्या सातवीतल्या पोरांनी या दिवाळीत कोणत्या मराठी कादंबरीची वाट पाहायची? हा प्रश्न मी अमरावतीला गेले तेव्हा एका पुस्तकाच्या दुकानात विचारला. दुकानदार भला माणूस. त्यानं आधी रंगवायची पुस्तकं काढली, मग बोधकथा काढल्या, मग थोर पुरुषांची चरित्रं काढली. मी म्हटलं, "दादा, तेरा वर्षांच्या पोराले वाचाले कादंबरी पायजे." तो थोडा वेळ विचारात पडला आणि त्यानं ‘मृत्युंजय’ समोर ठेवली.

दोष त्याचा नाही. ‘मृत्युंजय’ही वाईट नाही. पण ससा-कासवापासून थेट कर्णापर्यंत उडी मारायची, मधे पायरीच नाही, ही आपली खरी अडचण आहे. ज्या वयात पोरगं वाचनाला कायमचं लागू शकतं किंवा कायमचं सुटू शकतं, नेमक्या त्याच वयासाठी आपल्या कपाटात जागा रिकामी असते.

ही जागा आपल्या शाळांच्या रचनेतही बरोबर त्याच ठिकाणी येते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत पोरं आपल्याजवळ असतात. पुढे हायस्कूलला जातात, कोणी सायकलनं, कोणी एसटीनं. तिथे विषय वाढतात, शिक्षक तासाप्रमाणे बदलतात, आणि "बेटा, काल काय वाचलं?" असं विचारणारं कोणी एक माणूस राहत नाही. त्याच काळात आवाज फुटतो, ओठांवर लव येते, मुलींना घरात "आता मोठी झाली" म्हणून दहा गोष्टी बंद होतात. डोक्यात प्रश्नांची गर्दी होते. ज्याला विचारावं असं जवळ कोणी नसतं. अशा वेळी आपल्याच वयाचा कोणी पुस्तकात भेटला तर केवढा आधार होतो! आणि आपण त्याच्या हातात देतो काय, तर पोपटाचं चित्र असलेलं पुस्तक. तो ते वर्गातल्या दुसऱ्या पोरांपासून लपवतो. लपवणारच. ‘बालसाहित्य’ हा शब्दच त्याला नको असतो.

मी डीएडला असताना आमच्या नोट्समध्ये बालसाहित्य म्हणजे बडबडगीत, परीकथा, बोधकथा एवढंच होतं. शिशू, बाल, कुमार अशी वयाची वाटणी कुठेतरी एका ओळीत होती, पण कुमारांसाठी उदाहरण द्यायचं म्हटलं की सगळे ‘श्यामची आई’ लिहून मोकळे. साने गुरुजींचं हे पुस्तक १९३५ चं. त्याचं मोल कमी होत नाही. पण नव्वद वर्षं झाली, आणि आपलं उदाहरण अजून तेच आहे.

मराठीत काहीच नव्हतं असं मात्र नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, फुरसुंगीचा पोरगा, पुण्याला विद्याभवनात शिकायला गेलेला. खेड्यातून शहरात आलेला, अंगानं किडकिडीत, पण डोकं आणि सायकल दोन्ही वेगात. तो रहस्यं सोडवतो, संकटात सापडतो, तोंडानं टॉक करतो आणि निसटतो. त्यावर दूरदर्शनची मालिका निघाली, २०१७ मध्ये सिनेमाही आला. ही पुस्तकं आजही मिळतात. मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा पोरांना लँडलाइन फोन, तार, टांगा समजावून सांगावा लागतो. तरी पण पोरं अडत नाहीत. थोडा वेळ थांबले की मागच्या बाकावरून येतं, "मॅडम, पुढं काय झालं थे सांगून द्या ना, उद्यापावतर दम निंगत नाई."

ही ‘दम निंगत नाई’ची अवस्था म्हणजेच वाचन. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून आपण सगळे तिसरीपर्यंतच्या पोरांना अर्थ समजून वाचता यावं म्हणून राबतो आहोत. ते करायलाच पाहिजे. पण वाचता येणं वेगळं आणि वाचणं वेगळं. पोराला सायकल शिकवायची आणि गावात रस्ताच ठेवायचा नाही, असं आपलं चाललं आहे. तिसरीत शब्द ओळखणारं, पाचवीत उतारा सोडवणारं पोरगं सातवीत काय वाचेल, याचा विचार कोणत्याच तक्त्यात नाही.

आता नवीन काय आहे ते सांगते. कारण "मराठीत नवीन काही येतच नाही" हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत फार ऐकू येतं आणि ते पूर्ण खरं नाही.

साहित्य अकादमी २०१० पासून दरवर्षी बालसाहित्य पुरस्कार देते. मराठीतली गेल्या काही वर्षांची नावं पाहिली तर त्यात कुमार वयाच्या पोरांना देता येतील अशा कादंबऱ्या दिसतात. २०१७ चा पुरस्कार ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ला मिळाला. धरणात जाणाऱ्या गावातल्या पोराची ही गोष्ट. २०१९ मध्ये सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’. मुल्ला हे वनखात्यात काम करणारे, त्यामुळे जंगल त्यांना पुस्तकातून पाहावं लागलेलं नाही. २०२१ मध्ये संजय वाघ यांची ‘जोकर बनला किंगमेकर’, २०२२ मध्ये संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, ती एका मुलीच्या वहीच्या रूपात आहे. आणि २०२४ मध्ये भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’. सासणे म्हणजे २०२२ च्या उदगीरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मोठ्यांसाठी गंभीर दीर्घकथा लिहिणारा हा लेखक मुलांसाठी समशेर कुलूपघरे नावाचा गुप्तहेर तयार करतो, यात मला विशेष आनंद वाटतो. पोरांसाठी लिहिणं हे खालच्या दर्जाचं काम नाही, असं तो न बोलता सांगतो.

आता खरं सांगा, यातलं एखादं तरी पुस्तक आपल्या शाळेच्या कपाटात आहे का? मी आजूबाजूच्या पाच-सहा शिक्षकांना विचारलं. पुरस्काराची बातमी कोणाला आठवत होती, पुस्तक कोणीच पाहिलेलं नव्हतं. पुस्तक पुण्या-मुंबईत छापलं जातं, त्याचं कौतुक होतं, आणि तिवसा तालुक्यातल्या पोराला ते नावानंही माहीत होत नाही. छापून आलं म्हणजे पोचलं असं होत नाही. समग्र शिक्षा अभियानात शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्गांच्या रचनेप्रमाणे ५,००० ते २०,००० रुपये वर्षाला अशी तरतूद आहे. पण पुस्तकं निवडताना पोरांना काय हवं हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. गठ्ठा येतो, नोंदवहीत चढतो, शिक्का बसतो, कपाटाला कुलूप लागतं.

‘खारीच्या वाटा’ विषयी थोडं जास्त बोलते. आपल्या जिल्ह्यात मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. अमरावती शहर तिथलं पाणी पितं. त्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं आज पुनर्वसनाच्या गावठाणांत राहतात. त्यांचे नातू-पणतू आपल्या वर्गात बसतात. त्यांना धरण म्हणजे सहलीला जायची जागा. आजोबांचं घर, शाळा, आंब्याचं झाड त्या पाण्यात आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. भूगोलाच्या पुस्तकात धरणाचे फायदे असतात, पाच गुणांना विचारतात. सह्याद्रीकडच्या एका गावाची अशी कादंबरी वर्गात वाचली आणि "आता घरी जाऊन आजीले इचारा, आपलं पहिलचं गाव कोणतं" असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी वर्गात काय काय येईल याचा विचार करा. परिसर अभ्यासाचा प्रकल्प याहून चांगला कोणता?

हेच भाषेबद्दल. प्रकाश नारायण संत यांचा लंपन आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ ही चार पुस्तकं. लंपन आजी-आजोबांजवळ राहून शिकणारा शाळकरी पोरगा आहे. त्याची मराठी बेळगावकडची, कानडी वाऱ्यातली. आपल्याला ती अनोळखी आहे, तरी दोन पानांत आपण तिच्यात रमतो. म्हणजे पोराच्या तोंडी त्याच्या मुलखाची बोली असली तर वाचणाऱ्याचं काही अडत नाही, उलट गोडी वाढते. मग आमचा वऱ्हाडी लंपन कुठे आहे?

मोठ्यांच्या कादंबरीत वऱ्हाडी केव्हाच आली. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची. त्यातली कौतिक हालअपेष्टांत लेकराच्या शिक्षणासाठी झुरते आणि वऱ्हाडीत बोलते. पुरुषोत्तम बोरकर यांची ‘मेड इन इंडिया’ तर वऱ्हाडीचा मळाच. पण सातवीतला पोरगा वाचेल, त्याच्याच वयाचा नायक असेल आणि तो "मले", "तुले", "काहाले" म्हणत असेल, असं पुस्तक त्याच्या हाती द्यायला मला हवं आहे. आमच्या वर्गात पोरं घरी वऱ्हाडी बोलतात आणि वही उघडली की गप्प होतात. त्यांना वाटतं पुस्तकातली माणसं वेगळ्या जातकुळीची असतात, ती ‘मला’ म्हणतात. एकदा पाठ्यपुस्तकाबाहेरचा एक वऱ्हाडी उतारा मी वाचला तर एक मुलगी एकदम हसली आणि म्हणाली, "मॅडम, हे तं आपल्यावानीच बोलते!" तिच्या चेहऱ्यावर नुसतं हसू नव्हतं, आपली माणसं छापून आल्याचं नवल होतं.

आणि विषयांची काय कमी आहे आपल्याकडे? याच दिवसांत पाहा. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गावोगाव भुलाबाई बसते. मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखतात. सातवीतल्या मुलीला यंदा आई म्हणते, "आता तू मोठी झाली, रात्री फिरू नोको." धाकट्या बहिणी भुलाबाईला जातात आणि ही दारात उभी राहून पाहते. एका अख्ख्या कादंबरीचं बीज आहे त्यात. सोयाबीन सोंगायच्या वेळी आठ-आठ दिवस शाळेत न येणारा पोरगा आहे. कापसाच्या पहिल्या वेच्याला घरात सीतादही होते, आणि त्याच दिवशी बाप भावाचा हिशोब करत गप्प बसलेला असतो, ते पाहणारी पोरगी आहे. ज्याच्या घरात बापानं जीव दिला असा पोरगाही आपल्यापैकी अनेकांच्या वर्गात बसलेला आहे. त्याच्याशी कसं बोलावं हे आपल्याला कोणत्याच प्रशिक्षणात शिकवलं नाही. मोठ्यांसाठी या दुःखावर लिहिलं गेलं, सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण त्या घरातलं तेरा वर्षांचं पोर जे पाहतं, ते त्याच्या उंचीवरून लिहिलेलं पुस्तक मला त्याच्या हातात द्यायचं आहे. सांत्वन म्हणून नाही. त्याला कळावं की हे फक्त त्याच्याच घरात घडलेलं नाही, आणि गोष्ट त्या दिवसाला संपत नाही.

गंमत अशी की मराठी सिनेमाला हे वय सापडलं. ‘टिंग्या’, ‘शाळा’, ‘फँड्री’, ‘किल्ला’ हे सगळे सिनेमे साधारण २००८ ते २०१५ या काळात आपण पाहिले. सगळ्यांचे नायक शाळकरी. ‘फँड्री’तल्या जब्याचं वय आणि आपल्या बाकावरच्या पोराचं वय एकच. यातला ‘शाळा’ पुस्तकावरूनच निघाला. मिलिंद बोकील यांची कादंबरी २००४ ची, आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या पोरांची. ती कुमारांसाठी म्हणून छापलेली नव्हती, पण कुमार वयाची सगळ्यात खरी मराठी कादंबरी मला तीच वाटते. हायस्कूलच्या ग्रंथालयात ती ठेवायला मात्र काही जण कचरतात. का? तर त्यात पोराचं एका मुलीवर प्रेम बसतं! अहो, ते पुस्तक वाचून बसत नाही. ते आधीच बसलेलं असतं. पुस्तक त्याला फक्त सांगतं की तू वेडा नाहीस, असं होत असतं, आणि त्यातून माणूस पुढे जातो. रील पाहून तो जे शिकेल त्यापेक्षा बोकिलांकडून शिकलेलं कितीतरी बरं. माझं मत विचाराल तर आठवी-नववीला ‘शाळा’ खुशाल द्यावी. सातवीला थोडं थांबावं.

पालकांचा प्रश्न मला ठाऊक आहे, कारण पालक सभेत तो येतोच. एका बाबांनी सरळ विचारलं, "मॅडम, कादंबरी वाचून नवोदयले नंबर लागते का?" मी म्हटलं, "दादा, नवोदयच्या पेपरात भाषेचा भाग उताऱ्यांवर असते. ज्यानं दीडशे पानांची गोष्ट वाचली त्याले दहा ओळींच्या उताऱ्याचं भेव नाई वाटत." ते हसले, पण पटलेलं दिसलं नाही. नवोदय, शिष्यवृत्ती, एनएमएमएस यांच्या गाईडवर दोन-तीनशे रुपये न विचारता खर्च करणारं घर दीडशे रुपयांच्या कादंबरीला ‘फालतू’ म्हणतं. मी त्यांच्यावर रागावत नाही. हातातोंडाशी गाठ असलेल्या घरात पुस्तकानं काही दिलं पाहिजे अशी अपेक्षा असणारच. पण कादंबरी वाचणाऱ्या पोराची वाक्यं लांबतात, निबंधात ‘माझी आई मला फार आवडते’च्या पुढे तो जातो, आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज बांधायला शिकतो. यातलं पहिलं परीक्षेत दिसतं. शेवटचं संसारात दिसेल.

आणि मोबाईलला शिव्या देणं मला आता कंटाळवाणं वाटतं. पोरगं मोबाईल घेतं हे खरं. पण मोबाईल ठेव म्हटल्यावर त्याच्या हातात द्यायला आपल्याकडे दुसरं काय होतं, हे आपण स्वतःला विचारत नाही. उलट मोबाईलचा उपयोग सांगते. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन मोफत वाचायला ठेवले आहेत. पन्नास वर्षांचा खजिना. मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांनी त्यात मुलांसाठी लिहिलं आहे. यंदाचा ‘किशोर’चा दिवाळी अंक, ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक, ‘वयम्’, ज्ञानप्रबोधिनीचं ‘छात्र प्रबोधन’ हे सगळे अंक आपल्या पोरांसाठीच असतात. दिवाळीच्या सुट्टीत एका घरात एक अंक गेला आणि पोरांनी आपसात अदलाबदल केली, तरी वीस घरांत वीस अंक फिरतात. कादंबरीची भूक आधी या दीर्घकथांवरच लागते.

आता आमच्या मोझरीचं सांगते. दिवाळीच्या आधी इथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव असतो. गावोगावच्या पालख्या येतात, माणसं पायी येतात, रस्त्याच्या कडेनं दुकानं लागतात. त्या दिवसांत पोरांच्या खिशात पन्नास-शंभर रुपये हमखास असतात. आजोबा देतात, मामा देतात. ते पैसे पिपाणी, चष्मा, बंदुकीत जातात. जाऊ द्या, यात्रा आहे ती. पण तिथे ग्रामगीता आणि भजनांची पुस्तकं विकत घेणारी माणसं दिसतात, म्हणजे पुस्तक घ्यायची सवय या गर्दीला आहे. तिच्याच शेजारी एका टेबलावर फास्टर फेणे, समशेर, ‘पियूची वही’ मांडली तर? आम्ही तीन-चार शिक्षक मिळून यंदा हे करून पाहायचं म्हणतो आहोत. पुस्तकं उधारीवर आणायची, उरली तर परत करायची. टेबलामागे आम्ही नाही, सातवीतल्या मुली बसतील. पुस्तक विकायचं तर आधी वाचावं लागेल, अशी अट त्यांना घातली आहे. बिचाऱ्या सध्या वाचताहेत.

वर्गात काय करता येईल तेही सांगते, कारण नुसतं मत देऊन शिक्षकांचं भागत नाही. मी शेवटच्या तासाची शेवटची पंधरा मिनिटं कादंबरीला देते. मी वाचते, पोरं ऐकतात. प्रश्न विचारत नाही, कठीण शब्द लिहून घ्यायला लावत नाही, तात्पर्य तर अजिबात नाही. सव्वाशे-दीडशे पानांची कादंबरी शाळेच्या महिन्याभराच्या दिवसांत संपते. जिथे उत्कंठा असेल तिथेच थांबायचं, हे एवढं एक तंत्र. पुस्तक टेबलावर उघडं ठेवून मी जाते. दुसऱ्या दिवशी दोन-तीन पोरांनी मधल्या सुट्टीत पुढची पानं वाचलेली असतात आणि ते बाकीच्यांना सांगत नाहीत, भाव खातात. ज्यांचं वाचन कच्चं आहे त्यांनाही गोष्ट कळत असते, हा यातला मोठा फायदा. हळूहळू त्यातलं एखादं स्वतःच पान पुढे सरकवतं. सातवीला वाचून दाखवायचं म्हणजे पोरं लहान समजल्यासारखं होतं, असं कोणी म्हणेल. मी सांगते, मिशी फुटलेली पोरं गालावर हात ठेवून ऐकतात.

भाषांतरं टाळू नका. तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ मराठीत नॅशनल बुक ट्रस्टनं आणलं आहे, स्वस्त आहे. सत्यजित राय यांचा फेलूदा रोहन प्रकाशननं मराठीत आणला. आमच्या पोरांना फेलूदा बंगाली आहे याचं काहीच वाटलं नाही, त्यांना चोर कोण याचीच पडली होती. पण भाषांतरावर पोट भरलं तरी घरचं ते घरचंच.

ते घरचं लिहिणार कोण, हा विचार करते तेव्हा मला एस. ई. हिंटन आठवते. अमेरिकेतल्या टल्सा गावची शाळकरी मुलगी. आपल्या वयाच्या पोरांबद्दल खरं लिहिलेलं वाचायला मिळत नाही म्हणून तिनं पंधराव्या-सोळाव्या वर्षी स्वतःच लिहायला घेतलं. १९६७ मध्ये तिची ‘द आउटसायडर्स’ छापून आली आणि किशोरांच्या कादंबरीला तिकडे वेगळी ओळख मिळाली. आपल्या वर्गातही अशी मुलगी नसेलच असं नाही. पण आपण तिला निबंधाचे विषय देतो ‘मी पंतप्रधान झालो तर’, ‘पाणी हेच जीवन’. त्यात ती काय लिहिणार?

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीच्या गृहपाठात मी एक बदल केला आहे. शुद्धलेखनाची दहा पानं कमी केली आणि त्याऐवजी एका कादंबरीचं पहिलं प्रकरण लिहून आणायला सांगितलं. फक्त पहिलं, शेवट करायचा नाही. नायक किंवा नायिका तुमच्याच वयाची, गाव आपल्या तालुक्यातलं, बोलणं घरी बोलता तसंच. एका पोरानं लगेच विचारलं, "मॅडम, शिव्या चालतील का?" मी म्हटलं, "गरज असंन तं एक." वर्गात बराच वेळ चर्चा चालली की ती एक कोणती ठेवायची.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहे. २०१५ पासून आपण तो डॉ. कलामांच्या जयंतीला साजरा करतो. बहुतेक ठिकाणी हार, भाषण, फोटो आणि अहवाल होतो. यंदा त्या दिवशी आपल्या शाळेत सातवीच्या वर्गासमोर एका कादंबरीची पहिली वीस पानं वाचा, बाकी काही करू नका. कोणती वाचली ते मला कळवा. आमच्याकडे अजून ठरायचं आहे. मुलींना भूतबंगला पाहिजे, पोरांना जंगल. मतदान शनिवारी आहे.